फॉरवर्डचा राइट बॅक केला म्हणजे पोराचं वाटोळं झालं का? जरा पिश्चेकचं करिअर बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा १६ वर्षांचा, लहानपणापासून फॉरवर्ड खेळतोय, आता नवीन कोचने त्याला राइट बॅकला, म्हणजे मागे उजव्या कडेच्या डिफेन्सला टाकलाय, पोरगं घरी येऊन जेवलं नाही आणि तुम्ही विचारताय की ही शिक्षा आहे का, कोच बदलू का, आणि असं मागे सरकवलेल्या कुणाचं पुढे काही झालंय का. मी स्वतः अकरा वर्षं राइट बॅक खेळलो, त्यानंतर वीसेक वर्षं कोल्हापुरात पोरांना शिकवतोय, त्यामुळे हा रडवेला चेहरा माझ्या ओळखीचा आहे. आमच्याकडं पेठेतलं प्रत्येक पोरगं फॉरवर्डच असतंय, स्टेडियमवर शिट्ट्या गोल मारणाऱ्याला पडतात, बॅकवाल्याला फक्त चुकला की शिव्या पडतात. त्यामुळे मुलाला वाईट वाटलं यात त्याचं काही चुकलं नाही. पण झालंय का कुणाचं, याचं उत्तर देतो, आणि एकाच माणसाचं देतो, कारण दहा नावं सांगून काही कळत नाही.

वुकाश पिश्चेक. पोलंडचा. नाव इंग्रजीत वाचून बरेच जण लुकाझ म्हणतात, पण पोलिशमध्ये ते ल वर आडवी काट मारलेलं अक्षर असतं त्याचा उच्चार व सारखा होतो, म्हणून वुकाश. तो जास्त खेळला त्या जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबाचे फॅन त्याला पिश्चू म्हणतात.

जन्म ३ जून १९८५, वाढला दक्षिण पोलंडमधल्या सिलेशिया भागात, गाव गोचावकोवित्से. आरोग्यस्नानासाठी लोक येतात असं छोटं गाव आहे, शेजारी मोठा जलाशय. तिथल्या गावच्या क्लबात सुरुवात केली, मग झाबझे शहरातल्या ग्वारेक नावाच्या क्लबात गेला, हा पोरं घडवणारा क्लब म्हणून तिकडं प्रसिद्ध आहे. आणि तिथे तो काय होता? फॉरवर्ड! नुसता नावाला फॉरवर्ड नाही, २००४ मध्ये स्वित्झर्लंडला १९ वर्षांखालच्यांचा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा झाली त्यात ४ गोल मारून सगळ्यात जास्त गोल करणाऱ्यांत त्याचं नाव होतं. म्हणजे तुमच्या मुलाच्या वयाच्या जरा पुढे असताना हा माणूस युरोपातल्या त्या वयाच्या चांगल्या स्ट्रायकरांपैकी एक होता. त्याच वर्षी बर्लिनच्या हर्था क्लबाने त्याला घेतलं, पण लगेच खेळवलं नाही, लोनवर परत पोलंडला पाठवलं, झागवेंबिए लुबिन या क्लबात. तिथे तीन सीझन काढले आणि २००६-०७ ला लुबिन पोलंडचं चॅम्पियन झालं. त्याच काळात, फेब्रुवारी २००७ मध्ये, एस्टोनियाविरुद्ध पोलंडकडून पहिली मॅच खेळला.

लुबिनच्या काळातली एक गोष्ट आहे, ती पण सांगतो, कारण मी पोरांना हिरोचं अर्धंच आयुष्य सांगत नाही. २००६ च्या सीझनअखेरीस क्राकोव्हियाविरुद्धची एक मॅच होती, बरोबरी झाली की लुबिनला युरोपात खेळायची जागा मिळणार होती, आणि मॅच सेट करायला खेळाडूंनी आपापसात पैसे गोळा केले. त्यात पिश्चेकनेही पैसे टाकले. तेव्हा वय होतं २०. पुढे पोलिश फुटबॉलमधल्या भ्रष्टाचाराची मोठी चौकशी लागली, हा स्वतःहून अधिकाऱ्यांकडे गेला, सांगितलं, आणि २०११ मध्ये कोर्टाने निलंबित तुरुंगवासाची शिक्षा आणि दंड ठोठावला. तेव्हा तो जर्मनीत चॅम्पियन झालेला होता, म्हणजे नाव सगळ्यात जास्त चमकत होतं नेमक्या त्याच वेळी हे पेपरात आलं. सीनियर म्हणाले, सगळ्यांनी काढले, मी पण काढले... ड्रेसिंग रूममध्ये २० वर्षांच्या पोराला नाही म्हणणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे, पण म्हणून ते बरोबर होत नाही. असो.

आता मुद्द्यावर येतो. २००७ ला तो हर्थाला परत गेला. जर्मनीत त्याचं स्ट्रायकर म्हणून काही खास जमलं नाही हे स्पष्ट सांगायला पाहिजे. पळायचा भरपूर, मेहनत दिसायची, पण बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या वरच्या लीगमध्ये गोल मारायला जे लागतं, बॉक्समधली ती अर्ध्या सेकंदाची थंड डोक्याची करामत, ती त्या लेव्हलला कमी पडत होती. मग हळूहळू तो बाजूला गेला, उजव्या विंगवर, आणि तिथून आणखी मागे, राइट बॅक. वय २४. तुमच्या मुलापेक्षा आठ वर्षांनी मोठा आणि प्रोफेशनल, पगार घेणारा, नॅशनल टीमचा. विचार करा त्याला काय वाटलं असेल.

आणि वर काय झालं, २००९-१० ला हर्था तळाला गेलं आणि खाली दुसऱ्या डिव्हिजनला घसरलं. म्हणजे पोझिशन गेली, टीम गेली. कॉन्ट्रॅक्टही संपलं होतं. २०१० च्या उन्हाळ्यात डॉर्टमुंडने त्याला फुकट घेतला, ट्रान्सफरचा एक पैसा न देता. त्या उन्हाळ्यात पोलंडहून स्ट्रायकर लेवांडोव्स्की पण आला आणि सगळ्यांचं लक्ष तिकडं होतं, हा आपला बॅकअप म्हणून आलाय असंच लोक धरून चालले होते, कारण तिथे ओवोमोयेला हा राइट बॅक आधीपासून होता. तो दुखापतीत अडकला, पिश्चेकला जागा मिळाली, आणि मग त्याने ती सोडलीच नाही. पुढे अकरा सीझन!

या अकरा वर्षांचा हिशेब एकदाच देतो म्हणजे परत परत आकडे नकोत. डॉर्टमुंडसाठी सगळ्या स्पर्धा मिळून ३८२ मॅचेस, १९ गोल. बुंडेसलीगा दोनदा, २०१०-११ आणि २०११-१२. जर्मन कप तीनदा, २०१२, २०१७, २०२१. पोलंडसाठी ६६ मॅचेस, ३ गोल, तीन युरो आणि एक वर्ल्ड कप. फुकटात आलेल्या, स्ट्रायकर म्हणून न चाललेल्या माणसाचा हा हिशेब आहे.

पण तुम्हाला आकडे नकोयत, तुम्हाला हवंय की तो मागे जाऊन एवढा का चालला. इथे मी थोडा वेळ घेणार, कारण हे माझं आवडतं आहे आणि लोक बॅकबद्दल बोलतच नाहीत.

कोच क्लॉपची ती डॉर्टमुंड टीम आठवा, मागे उजवीकडून पिश्चेक, सुबोटिच, हुमेल्स, श्मेल्झर. बॉल गेला की लगेच तिथल्या तिथे झडप घालायची, समोरच्याला डोकं वर करायला वेळ द्यायचा नाही, अशी ती पद्धत. यात फुल बॅक, म्हणजे कडेचा बॅक, लांब मागे उभा राहिला तर पुढच्या पोरांच्या आणि त्याच्या मध्ये मैदान मोकळं पडतं आणि सगळं फसतं, म्हणजे बॅकला वर चढून उभं राहायचं धाडस पाहिजे आणि बॉल डोक्यावरून गेला तर पन्नास मीटर मागे पळायचे पाय पाहिजेत. जन्मापासून बॅक खेळलेला पोरगा असतो ना, त्याचा जीव वर चढताना दचकतो, पाठीमागे काय राहिलं याची भीती असते त्याला. पिश्चेकला ती भीती नव्हती, कारण त्याचं घरच वर होतं! तो वर गेला की त्याला आपल्या गल्लीत आल्यासारखं वाटायचं. क्रॉस कुठे टाकायचा हे त्याला माहीत होतं, कारण दहा वर्षं तो स्वतः त्या क्रॉसची वाट बघत बॉक्समध्ये उभा राहिलेला.

आणि त्याच्यापुढे कोण खेळायचा? याकुब ब्लाश्चिकोव्स्की, सगळे कुबा म्हणतात. दोघं पोलिश, एकाच बाजूला, क्लबातही आणि देशासाठीही. गंमत बघा, २००८ च्या युरोला पिश्चेक मूळ टीममध्ये नव्हता, कुबाला ऐनवेळी दुखापत झाली म्हणून त्याच्या जागी पिश्चेकला बोलावलं. ज्याच्या जागी गेला त्याच्याच मागे पुढची कित्येक वर्षं खेळला. या जोडीत बोलायची गरजच नसायची. कुबा बॉल घेऊन आत वळला की समोरचा बॅक त्याच्या मागे आत ओढला जायचा, आणि टचलाइनच्या कडेनं पिश्चेक सुसाट बाहेरून. याला आपण ओव्हरलॅप म्हणतो. पण ओव्हरलॅपमध्ये सगळं टायमिंग आहे. लवकर पळाला तर ऑफसाइड नाहीतर मार्क होतो, उशिरा पळाला तर पुढच्याचा बॉल गेलेला असतो. बॅकने पळायचं कधी, तर पुढच्याने बॉलला असा टच दिला की आता त्याचं डोकं वर येणार, त्या क्षणाला. हे ज्याने फॉरवर्ड म्हणून बॉल मागितलाय त्यालाच नीट कळतं, मी शपथेवर सांगतो. मी ग्राउंडवर पोरांना वर्षभर शिकवून जे येत नाही ते फॉरवर्डचा बॅक झालेल्या पोराला आठवड्यात येतं.

आता उलट बाजू. त्याला काय शिकावं लागलं, जे तुमच्या मुलालाही शिकावं लागेल, आणि ते पोराला आवडणार नाही. एक म्हणजे थांबणं. फॉरवर्डची सवय असते बॉलवर धावून जायची, बॅकने समोरच्यावर झेप घेतली की गेला, एक टच आणि तो मागे. बॅकने अंग तिरकं करून, अर्धं वळून, हळूहळू मागे सरकत समोरच्याला बाहेरच्या बाजूला ढकलायचं, घाई त्याला करू द्यायची. दुसरं म्हणजे लांबचा पोस्ट. क्रॉस डावीकडून येत असतो, सगळे बॉलकडे बघत असतात आणि राइट बॅकच्या पाठीमागून कुणीतरी येऊन डोकं लावतो. मान फिरवून मागे बघायची सवय, दर दोन सेकंदाला. तिसरं लाइन, चौघांनी एका रेषेत राहायचं, एक जण आळसाने दोन पावलं मागे राहिला की ऑफसाइड मेला. हे सगळं २४ व्या वर्षी शिकून २६ व्या वर्षापर्यंत हा माणूस जर्मनीतल्या उत्तम राइट बॅकांमध्ये गणला जात होता.

२०११-१२ ला डॉर्टमुंडने ८१ पॉइंट्स काढले, तेव्हा तो बुंडेसलीगाचा रेकॉर्ड होता, आणि वर कप फायनलला बायर्न म्युनिकला ५-२ हाणलं, लेवांडोव्स्कीची हॅटट्रिक. लगेच त्या उन्हाळ्यात युरो, तोही पोलंडमध्येच. पहिल्याच मॅचला ग्रीसविरुद्ध कुबाचा क्रॉस, लेवांडोव्स्कीचं हेडर, गोल, डॉर्टमुंडचीच उजवी बाजू म्हणा ना. पण ती मॅच १-१, रशियाशी पण १-१, चेकविरुद्ध ०-१, संपलं. घरच्या युरोत ग्रुपमधूनच बाहेर. एक चांगली बाजू असून अख्खी टीम होत नाही.

पुढचं वर्ष चॅम्पियन्स लीगचं. मालागाविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये दोन गोल मारून काढलेली ती मॅच, मग रियल माद्रिदला घरी ४-१, चारही लेवांडोव्स्कीचे. आणि २५ मे २०१३, वेम्बली, फायनल बायर्नशी, पिश्चेकसमोर त्यांचा विंगर रिबेरी. हे सगळं पिश्चेक दुखऱ्या हिपवर खेळत होता. सीझन संपला की ऑपरेशन ठरलेलं, तोवर ढकलायचं, असं चाललेलं. ८९ व्या मिनिटाला बायर्नच्या रॉबेनने मारला, १-२ हरले. मग ऑपरेशन, काही महिने बाहेर. एक कोच म्हणून मला हे आवडत नाही, दुखणं घेऊन खेळायचं कौतुक आपल्याकडं पण फार आहे आणि त्यातून मी चांगली पोरं पंचविशीत संपलेली बघितलीयत. पण चॅम्पियन्स लीगच्या फायनलला तुम्ही बाहेर बसाल का, हे मला कुणी विचारलं तर मी गप्प बसेन.

तो बाहेर असताना राइट बॅकला कोण खेळला माहितीय? ग्रॉसक्रॉइट्झ, तो पण मूळचा पुढे खेळणारा! आणि २०१४ ला वर्ल्ड कप जिंकलेल्या जर्मनीच्या टीमच्या यादीत त्याचं नाव होतं. हे फक्त तुमच्या माहितीसाठी.

मला पिश्चेकची सगळ्यात आवडती मॅच वेम्बलीची नाही. ११ ऑक्टोबर २०१४, वॉर्सा, जर्मनी तीन महिन्यांपूर्वी वर्ल्ड चॅम्पियन झालेली, आणि पोलंडने जर्मनीला फुटबॉलमध्ये आयुष्यात एकदाही हरवलेलं नव्हतं. ५१ व्या मिनिटाला उजवीकडून पिश्चेकचा क्रॉस, जर्मनीचा कीपर नॉयर पुढे आला, पोलंडच्या मिलिकने डोकं आधी लावलं. नंतर मिलाने दुसरा मारला. २-० आणि तो इतिहास झाला. तो क्रॉस बघा, जोरात मारलेला नाहीये, गोलकीपर आणि बॅक दोघांच्या मधल्या त्या हरामखोर जागेत सोडलाय, जिथे कीपरला वाटतं मी घेतो आणि बॅकला वाटतं कीपर घेईल. तो स्ट्रायकरच्या डोक्याने टाकलेला क्रॉस आहे.

२०१६ च्या युरोला पोलंड क्वार्टर फायनलपर्यंत गेला, पाच मॅचमध्ये चालू खेळात फक्त दोन गोल खाल्ले, आणि पोर्तुगालशी पेनल्टीवर हरले. बॅक लाइनचं काम काय असतं ते त्या स्पर्धेत दिसतं. २०१८ च्या वर्ल्ड कपला मात्र उलटं झालं, सेनेगल आणि कोलंबियाकडून मार खाल्ला, पिश्चेकही थकलेला वाटला, शेवटच्या जपानच्या मॅचला तो नव्हता. त्यानंतर नॅशनल टीमला रामराम केला. पोलंडने त्याला २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये वॉर्सात स्लोव्हेनियाविरुद्ध परत एकदा बोलावून निरोप दिला, ती ६६ वी मॅच.

मध्ये २०१७ राहिलं. ११ एप्रिलला मोनाकोविरुद्धच्या मॅचला निघालेल्या डॉर्टमुंडच्या बसजवळ बॉम्ब फुटले, टीममधल्या बार्त्राला लागलं. आणि दुसऱ्या दिवशी, होय दुसऱ्याच दिवशी, त्यांना ती मॅच खेळायला लावली. २-३ हरले, आणि तिसरा गोल कसा झाला तर पिश्चेकने मागे दिलेला पास मोनाकोच्या एम्बापेने मध्येच उचलला आणि एकटा जाऊन मारला. मी पोरांना चुका दाखवायला क्लिप लावतो, ही क्लिप मी लावत नाही. आदल्या संध्याकाळी ज्याच्या बसच्या काचा फुटल्या त्याच्या पासबद्दल मी काय बोलणार. दीड महिन्याने त्याच टीमने फ्रँकफर्टला २-१ हरवून कप घेतला, आदल्या तीन वर्षांच्या सलग तीन कप फायनली हरल्यानंतर.

शेवटच्या वर्षांत त्याने आणखी एकदा पोझिशन बदलली, हे फार कुणी सांगत नाही. २०१८ ला फाव्र डॉर्टमुंडला कोच म्हणून आला, हाच माणूस २००७ ते २००९ हर्थाला त्याचा कोच होता. पुढच्या सीझनमध्ये टीम मागे तिघे ठेवून खेळायला लागली, उजव्या कडेला हकिमीसारखा वाऱ्यासारखा पोरगा होता, मग ३४ वर्षांचा पिश्चेक सरकला आत, तिघांतला उजवा सेंटर बॅक. पाय कमी झाले होते पण वाचन राहिलं होतं. म्हणजे फॉरवर्ड, विंग, राइट बॅक, सेंटर बॅक. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत आला हा माणूस.

मे २०२१, बर्लिन, कप फायनल, लाइपझिगला ४-१. सांचोचे दोन, हालंडचे दोन. मोरे नावाचा तरुण राइट बॅक सेमी फायनलला गुडघा मोडून बाहेर गेला होता, म्हणून ३५ वर्षांचा पिश्चेक आत. मॅच संपल्यावर पोरांनी त्याला उचलून हवेत फेकला आणि तो लहान मुलासारखा रडत होता. कोविडमुळे स्टँड रिकामे होते. ती उणीव सप्टेंबर २०२४ ला भरली, डॉर्टमुंडच्या ग्राउंडवर त्याची आणि कुबाची मिळून निरोपाची मॅच ठेवली, स्टेडियम भरलेलं, आणि बेंचवर क्लॉप.

आणि २०२१ ला डॉर्टमुंड सोडून तो कुठे गेला? पैशासाठी आखातात नाही, अमेरिकेत नाही. घरी, गोचावकोवित्सेला, पोलंडच्या चौथ्या डिव्हिजनला, गावच्याच क्लबात जाऊन खेळला, आणि तिथे पोरांची अकॅडमी उभी केली, डॉर्टमुंडच्या नावाशी जोडलेली. मधे २०२४ च्या उन्हाळ्यात कोच नुरी शाहीनचा असिस्टंट म्हणून डॉर्टमुंडला गेला, पण जानेवारीत शाहीनला काढलं तेव्हा तेही संपलं.

आता तुमच्या पोराचं. कोच बदलू नका, निदान एवढ्यात नको. आधी कोचला जाऊन शांतपणे विचारा, पोरासमोर नाही, की तुम्ही याला मागे का घेतला. जर तो म्हणाला जागा रिकामी होती म्हणून, तर काळजी करा. जर म्हणाला की हा पळतो, परत येतो, बॉल गेल्यावर रुसत नाही, तर त्याने तुमच्या पोरात काहीतरी बघितलंय. आणि १६ म्हणजे फार लवकर आहे, आठवड्यातले एक-दोन दिवस त्याला फॉरवर्ड पण खेळू द्या असं कोचला सांगायला हरकत नाही, ते शिकलेलं वाया जात नाही, वर सांगितलंच.

पोराला आज जेवायला घाला आणि ती वॉर्साची मॅच दाखवा. गोल नका दाखवू आधी. क्रॉसच्या पाच सेकंद आधी थांबवा आणि विचारा, आता तू पिश्चेक असतास तर कधी पळाला असतास? त्याचं उत्तर मला लिहून कळवा, मग पुढचं बोलू.